आचरेकर सरांची भिंत : प्रकल्पाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

नोंदी ठेवायला आजपासून सुरुवात करतोय, कारण मागच्या वेळी शाळेच्या पॅसेजमध्ये जे प्रदर्शन केलं त्याचं काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि नंतर कोणी काय केलं होतं हेच कोणाला आठवेना.

झालं असं की गेल्या रविवारी, २ नोव्हेंबरला, आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला. दक्षिण आफ्रिकेला ५२ रनांनी हरवलं. डोंबिवलीपासून ते स्टेडियम असं कितीसं लांब, त्यामुळे आमच्या प्रॅक्टिसच्या पोरांना वाटतंय की वर्ल्डकप आपल्या घरचाच आहे. आज सकाळी नेट लावता लावता तोच विषय चालू होता. आमच्यात चार मुली आहेत, त्यांतली जी ऑफस्पिन टाकते तिने विचारलं, सर ते टीमचे कोच कोण होते, ते कोणती वर्ल्डकप खेळलेत? म्हटलं, अमोल मुझुमदार. ते भारताकडून एकही मॅच खेळलेले नाहीत. पोरं गप्पच झाली. रणजीत पहिल्याच मॅचला २६० मारले, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन केले, तरी इंडियाची टोपी कधी मिळाली नाही. मग मी त्यांना १९८८ ची ती गोष्ट सांगितली, सचिन आणि कांबळी शाळेच्या मॅचमध्ये ६६४ रनांची भागीदारी करत होते तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला १३ वर्षांचा मुलगा म्हणजे हाच.

तर आमचा छोटा कीपर म्हणतो, मग त्यांचे सर कोण होते?

रमाकांत आचरेकर सर, म्हटलं, सचिनचेही कोच तेच. आणि एकालाही नाव माहीत नव्हतं. पंचवीस पोरं, सगळी रोज क्रिकेट खेळणारी, मुंबईच्या एवढ्या जवळ राहणारी. मला खरंच वाईट वाटलं. पोरांचा दोष नाही, २ जानेवारी २०१९ ला सर गेले तेव्हा यातली अर्धी बालवाडीतही नव्हती.

ठरवलं. २ जानेवारीला शाळेच्या तळमजल्यावरच्या पॅसेजमध्ये सरांवर भिंत करायची. आठ कार्डशीट, फ्लेक्स अजिबात नाही, सगळं पोरांच्या हातचं. मुख्याध्यापक मॅडमनी तिथल्या तिथे हो म्हटलं, चित्रकलेच्या मॅडम शनिवारी एक तास देणार आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

रात्री बसून पहिला मजकूर लिहून काढला. आठ शीटचा. सकाळी परत वाचला आणि मोजलं तर सचिनचं नाव ३१ वेळा, सरांचं १२ वेळा.

ही सचिनची भिंत झाली. ती आधीपासूनच सगळीकडे आहे, अजून एक करायची गरज नाही. सचिनशिवाय सरांबद्दल बोलता येणार नाही हे मला कळतं, पण प्रत्येक वाक्यात सर म्हणजे सचिनकडे जायचा रस्ता असं होतंय. मग सरांचं स्वतःचं काय उरतं? त्यांचं बालपण, नोकरी, खेळ, म्हातारपण?

नियम केला : सचिनला एकच शीट. बाकी सात सरांच्या. पोरांना सांगितल्यावर जरा नाराजी झाली पण ठीक आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज तारीख बघून आठवलं, १६ नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर सचिनचं निरोपाचं भाषण. हातात कागद घेऊन एकेकाचे आभार मानत होता आणि सरांबद्दल बोलताना म्हणाला होता की गेल्या २९ वर्षांत सर मला एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, मी डोक्यात हवा भरून घेईन आणि मेहनत सोडीन असं त्यांना वाटायचं, आता मात्र मी परत खेळणार नाही तेव्हा म्हणायला हरकत नाही. ते मी घरी टीव्हीसमोर उभं राहून ऐकलं होतं, बसवत नव्हतं. आईपण रडत होती, तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.

नियम पहिल्याच आठवड्यात मोडला हे दिसतंय मला, पण ही गोष्ट सरांची आहे. २९ वर्षं एका माणसाने एक शब्द आवरून धरला. रोज समोर असा मुलगा खेळतोय आणि आपण काहीच म्हणायचं नाही हे सोपं नसणार. मी स्वतः दर दोन मिनिटांनी 'शाब्बास, शाब्बास' करतो, सवयच लागलीय. सरांसारखं गप्प राहणं मला जमणार नाही आणि सगळ्याच पोरांना ते मानवेल असंही नाही, आमच्यातल्या काहींना घरी कोणीच चांगलं बोलत नाही, त्यांना मैदानावर तरी दोन शब्द मिळायला हवेत. पण म्हणून सरांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. ते बघत होते. रोज बघत होते. पोरांना ते पक्कं माहीत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

हे तिसऱ्या शीटवर जाईल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिली शीट नक्की : जन्म आणि गाव.

सर १९३२ चे, मालवणचे. ऑफस्पिनवालीने लगेच लिहिलं 'मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग'. तिची आजी कुडाळची आहे. तिला सांगितलं की तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला, त्याआधी सगळं रत्नागिरीत होतं. तिने खोडलं नाही, खाली छोट्या अक्षरात 'तेव्हाचा रत्नागिरी' लिहिलं. छान दिसतंय, तसंच ठेवणार.

दुसरी शीट, सर स्वतः काय खेळले. १९४३ मध्ये क्रिकेट खेळायला सुरुवात केली, ४५ ला न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून, मग यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट. फर्स्ट क्लास मॅच एकच. १९६३-६४ च्या मोसमात हैदराबादला मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून. बस. त्यानंतर परत कधी नाही.

पोरांना वाटलं ही कमीपणाची गोष्ट आहे, लिहायला नको. एकाने विचारलंच, सर हे लपवायचं का? मी म्हटलं हेच मोठ्या अक्षरात लिही. 'एक मॅच'. ज्याच्या हाताखालून चंद्रकांत पंडित, बलविंदर संधू, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, लालचंद राजपूत, अजित आगरकर, रमेश पोवार, समीर दिघे, संजय बांगर, पारस म्हांब्रे असे सगळे गेले त्याच्या स्वतःच्या नावावर मोठी म्हणावी अशी एकच मॅच. आणि पोरांनो, मुझुमदारांचंही तसंच नाही का, इंडियाकडून शून्य. हे मी बोललो तेव्हा ऑफस्पिनवालीने जी मान हलवली ती मला आवडली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमच्या बिल्डिंगमधले काका बँकेतून रिटायर झालेत, स्वतः ऑफिसकडून खेळायचे. त्यांच्याकडे दोन तास बसलो. पोरांच्या एका प्रश्नाचं उत्तर मला नीट देता येत नव्हतं : सर शाळेत शिकवायचे की बँकेत होते?

काकांनी नीट समजावलं. त्या काळात क्रिकेटवर पोट भरत नसे. बँका, रेल्वे, टाटा, मफतलाल, हे सगळे खेळाडूंना नोकरी द्यायचे आणि त्यांच्या टीम टाइम्स शील्डला, म्हणजे ऑफिसांच्या स्पर्धेला, उतरायच्या. सकाळी सही, दुपारी मैदान. पगार बँकेचा आणि जीव मैदानात. सरांची नोकरी स्टेट बँकेतली, कोचिंग शिवाजी पार्कला कामत मेमोरियल क्लबचं आणि शारदाश्रम शाळेचं. म्हणजे वर्गात खडू घेऊन उभे राहणारे शिक्षक ते नव्हते. पण शारदाश्रमच्या पोरांना विचारलंत तर शाळेतले सर म्हणजे तेच.

काका म्हणाले, "अरे मुंबईत कोच म्हणायची पद्धतच नव्हती. मैदानावरचा माणूसपण सरच. कोच हा शब्द पेपरात."

खरंय. आमची पोरंही मला सरच म्हणतात आणि मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे.

आणखी एक गोष्ट काकांनी लक्षात आणून दिली. शाळेचं क्रिकेट मुंबईत किती मोठं होतं ते आताच्या पोरांना सांगावं लागेल. हॅरिस शील्ड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालू आहे, लहान मुलांची गाइल्स शील्ड १९०१ पासून. पेपरात स्कोअर छापून यायचा. शाळा बदलायची ती अभ्यासासाठी नाही, शील्ड खेळायला मिळावी म्हणून. सचिनला वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रमला घाला असं सरांनी सांगितलं ते त्याचसाठी, आणि घरच्यांनी ते ऐकलं. एका कोचच्या शब्दावर मुलाची शाळा बदलायची, आणि मुलगा पार्काजवळ काका-काकूंकडे राहायला जायचा. केवढा विश्वास लागतो त्याला.

निघताना काकांनी जुनी पिवळी पडलेली अबडॉमिनल गार्डची पेटी दाखवली, ती काही प्रदर्शनात ठेवता येणार नाही पण त्यांना दाखवायची होती म्हणून बघितली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चित्रकलेच्या मॅडमबरोबर पहिला तास. पोरांनी सरांचा चेहरा काढायचा प्रयत्न केला. फोटो बघून काढले तरी कोणाचे आजोबा दिसतात, कोणाचे पोस्टमन. दोघं तर रडकुंडीला आली. पेपरातले फोटो झेरॉक्स करून लावायचे नाहीत हे आधीच ठरलंय, ते कोणाच्या तरी मालकीचे असतात.

मॅडमनी मार्ग काढला. चेहरा नकोच. सरांच्या वस्तू काढा.

टोपी. स्कूटर. स्टंपवर ठेवलेला एक रुपया. रोलर. पाण्याचा पाइप. चिठ्ठी.

पोरांचे हात लगेच चालायला लागले. स्कूटर सगळ्यात भारी झालीय, मागच्या सीटवर किटबॅग घेतलेला मुलगा आहे, त्याला तोंड नाही, फक्त पाठ. या स्कूटरवरून सर सचिनला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एकीकडे आऊट झाला की दुसरीकडे बॅटिंगला. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ६० दिवसांत ५५ प्रॅक्टिस मॅचेस झाल्या. नेटमध्ये तासन् तास तंत्र घोटण्यापेक्षा मॅच खेळवा हा सरांचा मुख्य धडा होता असं मला वाटतं. नेटमध्ये चूक झाली तर पुढचा बॉल मिळतो, मॅचमध्ये झाडाखाली जाऊन बसावं लागतं. आणि ५५ मॅचेस म्हणजे काय हे ज्याने एकतरी मॅच अरेंज केलीय त्यालाच कळेल, दुसरी टीम शोधा, पिच मिळवा, अंपायर बघा, बॉल कोण आणणार ते ठरवा, दोन पोरं येत नाहीत त्यांच्या जागी कोण. मी महिन्याला दोन मॅच लावतो तर फोन करून करून घसा बसतो. हे सगळं तो माणूस नोकरी सांभाळून करत होता, मोबाइल नसताना.

संध्याकाळी प्रॅक्टिस संपली की पॅड-ग्लोव्हजसकट पार्काला दोन फेऱ्या. हे पोरांना सांगितलं ते चुकलंच बहुतेक, आता त्यांना आमच्या मैदानाला फेऱ्या मारायच्यात.

३ डिसेंबर, बुधवार

कामावरून येताना लोकलमध्ये लिहितोय. गेल्या वर्षी आजच्याच दिवशी शिवाजी पार्कला पाच नंबर गेटजवळ सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं होतं, सचिनच्या हस्ते, राज ठाकरे होते, कांबळीही आला होता. तो कार्यक्रम मी मोबाइलवर बघितला होता. कांबळीची तब्येत तेव्हा बरी नव्हती, बसल्या जागेवरून सचिनचा हात धरून ठेवला होता त्याने. तेव्हापासून स्मारक बघायला जायचं मनात आहे पण एक वर्ष गेलं.

आता लगेच जाण्यात अर्थ नाही. सहा डिसेंबर जवळ आलाय, चैत्यभूमीला येणाऱ्या लोकांसाठी पार्कात मंडप पडलेत, पुस्तकांचे स्टॉल लागतात. चौदाला जाऊ, पोरांना घेऊन.

६ डिसेंबर, शनिवार

आज चापटीवरून वाद झाला. बराच वेळ. जमेल तसं लिहून ठेवतो.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, सचिनने स्वतः बऱ्याचदा सांगितलीय. शारदाश्रमच्या इंग्लिश मीडियम आणि मराठी मीडियमची हॅरिस शील्डची फायनल वानखेडेवर होती. सरांनी सचिनसाठी त्या संध्याकाळी दुसरीकडे प्रॅक्टिस मॅच ठरवून ठेवली होती. सचिन ती सोडून वानखेडेवर आपल्या शाळेला टाळ्या वाजवायला गेला. तिथे सर भेटले. मॅच खेळला नाहीस हे कळल्यावर एक जोरदार थोबाडीत बसली, हातातला डबा उडाला, पदार्थ सगळीकडे सांडले. आणि सर जे बोलले त्याचा अर्थ असा की तू दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला यायचं नाही, असा खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील.

मला ही शीट हवी होती. मुख्याध्यापक मॅडम म्हणाल्या, शाळेच्या भिंतीवर हे लावायचं नाही, मुलांवर हात उचलणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे आणि पालक काय म्हणतील. चित्रकलेच्या मॅडम म्हणाल्या, पण हे घडलंय, लपवून कसं चालेल. पोरं म्हणाली, सर आम्हाला तर ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

हेच मला टोचलं. त्यांना नेमकं काय आवडलं? चापट आवडली.

मला माझे शाळेतले पीटीचे सर आठवले. ते कबड्डी आणि क्रिकेट दोन्ही घ्यायचे, त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्यांनी मला एकदा स्टंपने पोटरीवर मारलं होतं. का, तेही आठवत नाही आता. म्हणजे मार लक्षात राहिला आणि कारण गेलं. त्याउलट त्यांनी एकदा माझा रनअप स्वतःच्या पावलांनी मोजून दिला, उन्हात, अनवाणी, बूट खराब होऊ नयेत म्हणून काढून ठेवले होते, सतरा पावलं, आणि चुन्याने खूण केली, ते मला आजही समोर दिसतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा आम्ही व्हॉट्सॲपवर हात जोडले आणि संपलं. त्यांची भिंत कोणी केली नाही, मीही नाही. आचरेकर सरांसाठी मी एवढी धावपळ करतोय त्यात थोडं ते पण आहे, हे मान्य करतो.

तर शेवटी ठरलं ते असं. गोष्ट लिहायची, चापटीसकट, पण शीटचं शीर्षक 'चापट' नाही, 'चुकलेली मॅच'. कारण गोष्टीत महत्त्वाचं ते आहे. एका १२-१३ वर्षांच्या मुलासाठी एक मोठा माणूस मॅच ठरवतो, तो आला नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि त्याला त्याचा राग येतो. किती जणांच्या लक्षात येतं? आमच्या वर्गातला पोरगा चार दिवस आला नाही तरी विचारणारं कोणी नसतं. आणि खाली एक ओळ : 'त्या काळी सर मारत, आता मारत नाहीत, आणि ते बरं आहे.' ही ओळ मुख्याध्यापक मॅडमची. मला पटली.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी ६:४० ची लोकल, नऊ पोरं, दोन मुली, मी आणि काका. दादरला उतरून चालत.

शिवाजी पार्क पोरांनी पहिल्यांदा बघितलं. २८ एकर सांगून कळत नाही. एका वेळी इतक्या मॅचेस चालू होत्या की एकाचा कव्हर दुसऱ्याचा स्लिप, बॉल कोणाचा ते आवाजावरून ओळखायचं. छोटा कीपर म्हणाला, सर इथे तर कोण कोणाविरुद्ध खेळतंय तेच कळत नाही. काकांनी सांगितलं की आधी याचं नाव माहीम पार्क होतं, १९२५ ला लोकांसाठी उघडलं आणि २७ ला अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झालं. कट्ट्यावर बसून आम्ही डबे खाल्ले.

स्मारक पाच नंबर गेटपाशी. बॅट आहेत आणि सरांची टोपी. पुतळा नाही, चेहरा नाही! चित्रकलेच्या मॅडमना लगेच फोटो पाठवला, आपणपण वस्तूच काढल्यात म्हणून. त्यांचा फोनच आला, खूप खूश होत्या.

मी थोडा वेळ झाडांकडे बघत उभा राहिलो. अजित तेंडुलकर ११ वर्षांच्या भावाला घेऊन आला ती गोष्ट इथलीच. १९८४. सरांच्या समोर पोरगा बावरला, नीट खेळला नाही. अजितने विनंती केली की तुम्ही जरा गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर गेले, लांबून बघितलं, आणि घेतला. मला यात सचिनपेक्षा सर दिसतात. किती सर असं करतील? रोज शंभर पालक 'माझा मुलगा बघा' म्हणत येतात आणि एकाचा भाऊ म्हणतोय तुम्ही लपून बघा, तर हा माणूस खरंच झाडामागे जाऊन उभा राहतो. पुढेही ती त्यांची सवयच होती, मॅच चालू असताना लांब कुठेतरी थांबून बघायचं, चुका कागदावर टिपायच्या आणि नंतर एकेकाला सांगायच्या.

परत येताना ट्रेनमध्ये सगळी झोपली.

२० डिसेंबर, शनिवार

सचिनची शीट झाली, म्हणजे ६६४ ची. पण आता ती फोनची शीट आहे.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल, समोर सेंट झेवियर्स. सचिन १४ चा, कांबळी १६ चा. दोघं थांबेचनात. सर त्या दिवशी मैदानावर नव्हते, असिस्टंट सर बाउंड्रीवरून डिक्लेअर करा डिक्लेअर करा म्हणून हात करत होते आणि ही दोघं तिकडे बघतच नव्हती. मग जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन. सरांनी विचारलं किती झाले, आणि डिक्लेअर करायला सांगितलं. कांबळी ३४९ वर होता, म्हणाला सर एक रन घेऊ द्या, ३५० होतील. नाही. २ बाद ७४८. सचिन ३२६ नाबाद, कांबळी ३४९ नाबाद. आणि मग कांबळीने ३७ रनांत ६ विकेट काढल्या.

पोरांनी चित्र काढलंय ते काळ्या डायलच्या फोनचं, ज्याला ती फक्त सिनेमात बघून ओळखतात. बाजूला पॅड बांधून बसलेला एक मुलगा, खुर्चीत. तो खालच्या कोपऱ्यात छोटासा होता, ऑफस्पिनवालीने त्याला खोडून परत मोठा काढला. म्हणाली त्याला वर्ल्डकप मिळालाय सर, एवढासा कसा ठेवणार.

एक रुपयाची शीटपण तयार. स्टंपवर नाणं, जो सचिनला आऊट काढेल नाणं त्याचं, कोणीच काढलं नाही तर सचिनचं. अशी १३ नाणी सचिनने अजून जपून ठेवलीत. आज प्रॅक्टिसला आमच्या स्टंपवरपण रुपया ठेवला. तिसऱ्याच बॉलला उडाला आणि गवतात गेला, सापडायला दहा मिनिटं लागली, तोवर दुसरं काही करायला कोणी तयार नाही.

२८ डिसेंबर, रविवार

रोलर आणि पाइप. ही शीट शेवटी राहिली होती कारण मला वाटत होतं यात सांगण्यासारखं काय आहे. काका म्हणाले, यातच आहे.

सरांकडे पोरांनी स्वतः पिचवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, नेट बांधायचं, सोडायचं. बॅटला पाय लावायचा नाही, साहित्य फेकायचं नाही. पाणी कधी मारायचं हे पण शिकावं लागतं, संध्याकाळी मारून रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी वर थोडा ओलावा राहिला की रोलर, फार ओलं असताना फिरवला तर माती चिकटून वर येते, फार सुकल्यावर फिरवून उपयोग नाही. पिच हाताने केलं की त्यावर बॉल का थांबतो, का खाली राहतो हे बॅटिंगला उभं राहायच्या आधीच समजलेलं असतं.

आमच्याकडे हे सगळं शाळेचे शिपाई मामा करतात. पहाटे सहाला येऊन पाणी मारतात, त्यांची ड्यूटी साडेसातपासून असते. मी हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आठवी शीट, सरांचा शेवटचा काळ. १९९० ला द्रोणाचार्य, २०१० ला पद्मश्री. पक्षाघाताचा झटका आला आणि मैदानावर उभं राहून बघणं गेलं. शिष्य घरी जाऊन भेटायचे. ३ जानेवारी २०१९ ला अंत्ययात्रा, पार्कात पोरांनी दोन्ही बाजूंनी बॅट उंच धरल्या होत्या, सचिनने खांदा दिला. चित्रात फक्त वर धरलेल्या बॅट काढल्यात. आमच्या सगळ्यात लहान पोराने विचारलं, सर त्या दिवशी मॅचेस बंद होत्या का? मला सांगता आलं नाही.

काकांनी सुचवलं म्हणून शेजारी एक नववी कोरी शीट लावणार, वर फक्त 'तुमचे सर कोण?', खाली दोरीला पेन्सिल.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

ऑफिसला हाफ डे टाकला. सकाळी आठला सगळं लावून झालं, दोन शीटचे कोपरे निघत होते, त्यांना मॅडमनी मागून पट्ट्या मारल्या. सचिनचं नाव शेवटी किती वेळा आलं ते मोजलं नाही.

भाषण मी केलं नाही. पोरांनी एकेका शीटपुढे उभं राहून सांगितलं. 'एक मॅच' वाली शीट आमच्या सगळ्यात अबोल पोराने घेतली होती, जो नेटमध्ये आपला नंबर कधी मागत नाही, आणि त्याने हैदराबाद, मोईन-उद-दौला, स्टेट बँक सगळं न अडखळता सांगितलं. मी शाब्बास म्हणणार होतो, तोंडात आलेलं गिळलं, नुसतं बघत उभा राहिलो. त्याने बोलून झाल्यावर एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या घोळक्याला परत पहिल्यापासून सुरू केलं.

दुपारपर्यंत नववी शीट निम्मी भरली. बरेच जणांनी शाळेतल्या सर-मॅडमची नावं लिहिली, एकीने आजी लिहिलं, कोणीतरी धोनी, कोणीतरी आमच्या काकांचं नाव. मी संध्याकाळी पॅसेज रिकामा झाल्यावर माझ्या पीटीच्या सरांचं नाव लिहिलं, त्यापुढे 'सतरा पावलं' एवढंच.

लिहिताना खाली कीपरचं अक्षर दिसलं, त्याचं 'झ' उलटं असतं. लिहिलंय : 'शिपाई मामा. माझं पिच तेच करतात.'

मामा दोन दिवस गावी गेलेत, सोमवारी येतील. तोपर्यंत नववी शीट काढायची नाही, वॉचमनला सांगून ठेवलंय. बाकीच्या शीट रोल करून कपाटात. उद्या सकाळी सहाला पिचवर पाणी मारायला कीपर आणि ऑफस्पिनवाली येणार आहेत, पाइपची किल्ली माझ्याकडे आहे.